वहिनी, मिक्सर लावा

सरांचा फोन सायखेड्याला जायचा, सर जायचे नाहीत.

आमच्या नाशिक आवृत्तीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे. सायखेडा ही सरांची सासुरवाडी. मेहुण्याशी त्यांचं फार पूर्वी बिनसलेलं होतं. कुठल्याशा साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले गेले आणि सरांचं डोकं तेवढं राहिलं, एवढंच कारण. त्यानंतर त्यांनी त्या गावात पाऊल ठेवलं नाही. वहिनी मात्र माहेरी जात, आणि जाताना पर्समध्ये सरांचा फोन घेऊन जात. तो चालू असे. त्या वेळी सर पेठला असत किंवा सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर, आमच्या फोटोग्राफरच्या जुन्या मोटरसायकलवर मागे बसून, कानाला मफलर गुंडाळून.

फोन वाजला तर वहिनी उचलत आणि सांगत, "ते नदीवर आंघोळीला गेलेत. आले की सांगते."

एकदा उपसंपादकांपैकी कोणीतरी सरांना विचारलं, "सर, परवा सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळीही आंघोळच. एवढं काय अंगाला लागतं?"

"बातमीदारी करतो," सर म्हणाले. "लागते."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. पुढे ज्या सरकारी कार्यालयाचा उल्लेख येईल त्याचं खातंही सांगत नाही, आणि गावांची नावं एक-दोन ठिकाणी बदलली आहेत. ज्या एका व्यक्तीची परवानगी घ्यायला हवी होती ती घेतली आहे. ही पद्धत सरांचीच.

ते आमचे मुख्य बातमीदार होते. मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो. तेव्हा कार्यालय गंगापूर रोडवरच्या आताच्या काचेच्या इमारतीत नव्हतं. एका सायकलच्या दुकानावर, लाकडी जिन्याचं, दोन खोल्यांचं होतं. जिना वाजायचा. वर कोण येतंय ते आवाजावरून कळायचं आणि सर मान वर न करता सांगायचे, "जाहिरातवाले आले, पंखा चालू करा." हिवाळ्यात सकाळी खिडकीतून ऊन थेट त्यांच्या टेबलावर यायचं आणि ते खुर्चीसकट उन्हाबरोबर सरकत सरकत दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी पोचायचे. आज आमच्याकडे खिडक्या उघडत नाहीत आणि जिन्याऐवजी लिफ्ट आहे. कोण आलं ते समोर उभं राहिल्यावरच कळतं.

मोबाइलला सर 'पाहुणा' म्हणत. कोणी महत्त्वाचं बोलायला बसलं की ते हात पुढे करत. "पाहुण्याला आत बसवू या." पाहुणा गेला की बोलणं सुरू. नव्या मुलांना हे नाटक वाटे. फोन बंद असताना कसा ऐकेल, असं एकाने विचारलं होतं. सर म्हणाले, "मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ज्याची नोकरी जाईल त्याला हे सांगशील का, की मला माहीत नव्हतं?"

त्यांच्या घरी पाहुण्याची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघरात, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. आलेल्या माणसाचा फोन आणि सरांचा फोन तिथे शेजारी शेजारी ठेवले जात. मग सर आलेल्याला घेऊन मागच्या गॅलरीत जात आणि जाता जाता म्हणत, "वहिनी, मिक्सर लावा." आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो म्हणून तेही बायकोला वहिनीच म्हणत. वहिनी शेंगदाणे, लसूण, तिखट भांड्यात टाकून मिक्सर सुरू करत. "कोणी ऐकत असेल तर त्याला निदान चटणी करता येईल," असं त्यांचं म्हणणं.

ही चटणी मग आमच्याकडे यायची. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, प्रत्येक टेबलावर एक. गॅलरीतलं बोलणं लवकर आटपलं असेल तर चटणी जाडसर, दाताखाली दाणे येणारी. बोलणं लांबलं असेल तर मिक्सर फिरत राहायचा, दाण्यांना तेल सुटायचं आणि पुडीचा कागद तेलकट व्हायचा. डेस्कवरची मंडळी चटणी न चाखता कागद बघायची. कागदाला तेल आलेलं दिसलं की पहिल्या पानाचा प्रमुख म्हणायचा, "जागा ठेवावी लागणार."

सरांची दुसरी पद्धत टेबलांची. कोणत्याही सरकारी कार्यालयात गेले की ते प्रत्येक टेबलावर बसत. ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडेही. आवक-जावकवाल्या बाईंशी त्यांच्या गुडघ्याबद्दल, शिपायाशी त्याच्या गावच्या बैलांबद्दल, साहेबांशी साहेबांच्या बदलीबद्दल. प्रत्येक ठिकाणी चहा. नको असला तरी अर्धा कप घेत. याने त्यांना पित्ताचा त्रास जडला आणि त्यांच्या खिशात कायम गोळ्या असत. बातमी नसतानाही ते आठवड्याला जात.

"एकाच दारात गेलं की दार ओळखू येतं," ते मला म्हणाले होते. "सगळ्यांच्या दारात गेलं की आपण नुसते चहाबाज ठरतो."

घरी बोलावण्याचंही तसंच. ज्या कार्यालयाचं खातं मी सांगत नाही, तिथला प्रत्येक जण कधी ना कधी, रविवारी, सरांकडे मिसळ खायला गेलेला होता. तिथले साहेबसुद्धा. साहेबांचाही फोन ओट्यावर गेला, साहेबांनाही गॅलरीत नेलं, आणि साहेब गॅलरीत उभे राहून बराच वेळ आपल्या मुलीच्या प्रवेशाबद्दल बोलले. वहिनींनी तेव्हाही मिक्सर लावला.

त्या कार्यालयातून एक बातमी आली. डोंगराकडच्या शाळांना पाणी शुद्ध करायची यंत्रं पुरवली गेली होती. पैसे चुकते झाले होते. यंत्रं बसवल्याचे फोटोही जोडलेले होते. हे सरांना कोणी सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मला एवढंच दिसलं की एका सोमवारी कागदाला भरपूर तेल होतं.

मी म्हटलं, "सर, ते फोटो मिळाले तर छापता येतील."

"देत होते. मी घेतले नाहीत."

"का?"

"एका फोटोला किती जणांचे हात लागलेत ते मोजता येतं. गावाला कोणाचे हात लागले ते मोजता येत नाही. मी म्हटलं, कागद नको, गावांची नावं सांगा."

मग आम्ही गावं फिरलो. सरांचा फोन सायखेड्याला, माझा घरी उशीखाली. पहिल्याच शाळेत यंत्र होतं. पांढरं, चकचकीत, पुढे तोटी. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी तिथे होत्या. सरांनी तोटी फिरवून बघितली, पाणी आलं नाही.

मावशी म्हणाल्या, "त्याच्यात पाणी नाय येत, सायेब. उघडून बघा ना."

सरांनी झाकण उघडलं. आत जाळी नाही, गाळणी नाही, नळी नाही. रिकामं खोकं, आणि त्यात मावशींनी ठेवलेले कांदे आणि मिठाची पिशवी.

"लय बेस झालं," मावशी म्हणाल्या. "आता उंदरं शिवत नाय."

"आणि पोरं पाणी कुठलं पितात?"

"झऱ्याचं. कुठलं पिणार?"

सर हसले नाहीत. पुढच्या सगळ्या शाळांमध्ये त्यांनी झाकण स्वतः उघडलं. खोक्यात काय काय होतं ते बातमीत आलं: कांदे, खडू, एका ठिकाणी कोंबडीची अंडी. कार्यालयातल्या एकाही कागदाचा बातमीत उल्लेख नव्हता. आम्ही फिरलो, झाकणं उघडली, बघितलं, लिहिलं. बातमी वाचून कोणालाही वाटावं की दोन रिकामटेकडे सहलीला गेले होते.

पण साहेब वाचून तसं समजले नाहीत. शाळा शेकड्यांनी आणि आम्ही गेलो नेमके रिकाम्या खोक्यांच्याच शाळांत. चौकशी लागली ती पुरवठादाराची, पण कार्यालयात शोध सुरू झाला तो सांगणाऱ्याचा.

काही दिवसांनी सरांना पोलीस ठाण्यात चहाला बोलावणं आलं. मी सोबत होतो. अधिकारी ओळखीचे, बोलायला गोड. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. उठता उठता ते म्हणाले, "सर, तुमचं बरंय. महिन्यातून तीनदा सायखेडा. सासुरवाडीचा भारीच लळा."

सर म्हणाले, "वांगी चांगली मिळतात तिथली."

बाहेर आल्यावर ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि पित्ताची गोळी तोंडात टाकली. मेहुण्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस महिन्यातून तीनदा सायखेड्याला जातो, हे या जगात फक्त त्यांच्या फोनला माहीत होतं. "माझ्या फोनचा पाहुणचार चाललाय आणि नाव माझं खराब," ते म्हणाले. ऑफिसच्या जिन्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आपण चुकून तरी कोणाला फोन केला नव्हता ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

फोनमधून काही मिळालं नाही म्हणून साहेबांनी कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवून बघितलं. त्यात सर दिसले. प्रत्येक टेबलावर, प्रत्येक आठवड्याला, हातात कप. साहेबांच्या केबिनमध्येही. चित्रणावरून गुन्हेगार ठरवायचा तर अख्खं कार्यालय धरावं लागलं असतं, साहेबांसकट. आमच्याकडे ही बातमी पोचली तेव्हा डेस्कवर हशा पिकला. सर हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

कॅमेऱ्याला आवाज नसतो. त्या कार्यालयात एक लिपिक होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. नकला करण्यात पटाईत. आमदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचे, त्यामुळे त्यांच्या टेबलावर सर पोट धरून हसायचे. चित्रणात दिसलं ते एवढंच, की हा बातमीदार इतर टेबलांवर चहा पितो आणि या एका टेबलावर पुढे झुकतो, खांदे हलवतो, डोळे पुसतो. साहेबांना तेवढं पुरलं. भाऊसाहेबांची बदली सटाण्याला झाली. त्यांच्या पत्नी सिडकोतल्या शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीला. घर नाशिकला, ते तिकडे.

भाऊसाहेब आमच्या ऑफिसात आले. जिना जोरात वाजला, तरी सरांनी या वेळी मान वर केली.

"सर, मी तुम्हाला चहा पाजला. दुसरं काय केलं मी?"

"काही नाही."

"मग सांगा ना साहेबांना तसं. एक फोन करा. भाऊसाहेब नव्हता म्हणा. संपलं."

"नाही सांगता येणार, भाऊसाहेब."

"म्हणजे दुसरं कोणीतरी आहे."

सरांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"आहे ना? त्याचं घर राहावं म्हणून माझं मोडायचं?"

भाऊसाहेबांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. नंतर शांत आवाजात, अगदी सरांच्याच आवाजात म्हणाले, "'नाही सांगता येणार, भाऊसाहेब.'" नक्कल इतकी हुबेहूब होती की कोणाला हसू आलं नाही. ते खाली उतरले.

मी सरांना म्हटलं, नाव सांगायचं नाहीच, पण हा माणूस नव्हता एवढं सांगायला काय हरकत आहे. सर म्हणाले, "आज भाऊसाहेब नाही म्हटलं, की उद्या आवक-जावकच्या बाई का, विचारतील. परवा शिपाई. हे नाही, ते नाही म्हणत गेलं की शेवटी जे नाव उरेल त्यावर बोट आपणच ठेवलेलं असेल." बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गोळ्यांची पट्टी मात्र त्यांनी दिवसभरात संपवली.

त्यानंतर सर दर महिन्याला सटाण्याला जायला लागले. या प्रवासात फोन त्यांच्या स्वतःच्या खिशात असे. वहिनींनी एकदा हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. इथे मी खरंच जातोय."

पहिल्या खेपेला भाऊसाहेबांनी त्यांना कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मागच्या दाराने आपल्या भाड्याच्या खोलीवर निघून गेले. दुसऱ्या खेपेला समोर आले आणि म्हणाले, "चहा मी नाही पाजणार. एकदा पाजला, पुरे झालं." म्हणून सर नाशिकहून थर्मासमध्ये चहा न्यायला लागले. बाकावर दोन कप मांडायचे. भाऊसाहेबांनी किती महिने कप तसाच ठेवला ते मला ठाऊक नाही. एकदा मीही सोबत गेलो होतो तेव्हा ते कप हातात घेऊन बसलेले होते.

सरांना बघून म्हणाले, "या सर. काय शे तुमचं?"

"अहिराणी शिकलात?"

"तुम्हीच शिकवली. इथे कोण मला पुणेरी विचारतं?" मग माझ्याकडे वळून, "यांना सांगा, चहात साखर कमी असते. शिक्षा द्यायची तर गोड तरी द्या म्हणावं."

सर त्या दिवशी पुन्हा पोट धरून हसले. त्या कार्यालयाच्या दारावरही कॅमेरा होता. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि हसतच राहिले.

सर निवृत्त झाले, ऑफिस काचेच्या इमारतीत गेलं, साहेबांना बढती मिळाली. पुरवठ्याची चौकशी चालूच होती. भाऊसाहेबांची बदली रद्द झाली नाही. गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच. शोकसभा घ्यायचं आमच्याकडून ठरत होतं, पण वहिनी म्हणाल्या, "माइकवर नको. त्यांना माइक आवडत नसे." महिन्याने एका रविवारी त्यांनी सगळ्यांना मिसळीला बोलावलं. आम्ही गेलो, आणि ते कार्यालयही आलं, प्रत्येक टेबलावरून एकेक. जे निवृत्त झाले होते तेही. वहिनींनी साहेबांनाही बोलावलं होतं आणि साहेब आले होते, पांढऱ्या शर्टात, वरच्या खिशात फोन. सटाण्याहून भाऊसाहेब सकाळच्या एसटीने आले.

बैठकीची खोली भरली. या वेळी कोणाचा फोन ओट्यावर गेला नाही. हात पुढे करणारा माणूस नव्हता. आमच्या वेबसाइटचा एक सहकारी कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांच्या आठवणी मोबाइलवर घेत होता. आवक-जावकच्या बाईंनी गुडघ्याची हकिगत सांगितली. भाऊसाहेबांनी सरांची नक्कल केली: कप नाकाशी धरून, "अर्धाच द्या, पित्त आहे." वहिनीसुद्धा हसल्या.

साहेबही हसले. म्हणाले, "माणूस पक्का. शेवटपर्यंत नाव फुटू दिलं नाही." मग खोलीभर नजर फिरवत, अगदी खेळीमेळीने, "आता ते गेले. आता कोणी सांगितलं तरी कोण काय करणार? झाली जुनी गोष्ट."

सगळे पावाचे तुकडे मोडत राहिले. मग एक व्यक्ती उठली. सगळ्यांसारखीच मिसळ खाणारी, सगळ्यांसारखीच एका टेबलाची. अजून नोकरीत असलेली, त्याच साहेबांच्या हाताखाली. डोळे भाऊसाहेबांवर होते.

"मला भाऊसाहेबांबद्दल बोलायचंय," ती व्यक्ती म्हणाली. "इतकी वर्षं मनात आहे. त्यांची बदली जी झाली, ती खरं तर—"

वहिनी रश्श्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि आत गेल्या. मिक्सर सुरू झाला.

जुना मिक्सर, लहान घर. खोलीत दुसरं काही ऐकू येईना. ती व्यक्ती थांबली, उभीच राहिली. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याने हात खाली घेतला. बराच वेळ गेला आणि मिक्सर तापून बंद पडला. शांत झालं.

"ती माझ्या—" ती व्यक्ती पुन्हा म्हणाली.

"वहिनी," भाऊसाहेबांनी मोठ्याने हाक मारली, "जाडी राहिली. अजून फिरवा."

चटणी त्यांनी बघितलीही नव्हती.

"हो का?" आतून वहिनींचा आवाज आला. "फिरवते."

मिक्सर पुन्हा सुरू झाला. भाऊसाहेब त्या व्यक्तीकडे बघत होते. त्यांनी तळहात खाली करून दोनदा हलवला, शाळेत मुलांना बसवतात तसा. ती व्यक्ती बसली. साहेब काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हलताना दिसले. भाऊसाहेबांनी कानाला हात लावून मान हलवली आणि मिसळीचा घास घेतला.

निघताना वहिनींनी सगळ्यांना पुड्या दिल्या. सारख्याच, आमच्याच वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या. साहेबांनाही एक. जिना उतरताना साहेबांनी पुडी ठेवायला म्हणून शर्टाच्या खिशापाशी नेली आणि परत हातातच धरली. कागदाला तेल आलं होतं.